लाइट गेली होती, तरी थांबलात त्याबद्दल

स.न.वि.वि.

पहिल्याच ओळीला अडलो. पोकेमॉनच्या ऑनलाइन लढतींत आपण जवळजवळ दोन वर्षं इंग्रजीत बोलतोय, तिथे ‘यू’ म्हटलं की भागतं. मराठीत लिहायला बसलो तर ‘तू म्हणालास’ की ‘तू म्हणालीस’? तुम्ही पुरुष की बाई, पंचविशीत की पन्नाशीत, मला आजतागायत माहीत नाही. शेवटी ‘तुम्ही म्हणालात’वर येऊन थांबलो. त्यात दोन्ही बसतं आणि मानही राहतो. ‘बसला होतात’ की ‘बसल्या होतात’ असा प्रश्न जिथे येतो, ती वाक्यं वळसा घालून लिहिली आहेत. कुठे अवघडलेलं वाटलं तर समजून घ्या.

तुमचं टोपणनावही इथे देत नाही. “तुझा ग्राउडन छान आहे, वापरताना मजा आली,” हे वाक्य ज्यांना आठवेल, त्यांचं हे पत्र.

ते वाक्य वाचलं तेव्हा मी लॅपटॉप आपटणार होतो. बॅलन्स्ड हॅकमॉन्स नावाच्या प्रकारात सलग अकरावी मॅच हरलो होतो आणि तीसुद्धा माझ्याच पोकेमॉनकडून, ग्राउडनकडून. वर तुम्ही त्याचं कौतुक करताय. वाटलं, जिंकल्यावर टोमणा मारायची ही काहीतरी परदेशी पद्धत असेल.

वाचणाऱ्यांसाठी जरा मागचं सांगतो. चौथीत असताना कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन बघितलं, तेवढीच माझी पुंजी. निन्टेन्डोचं, म्हणजे मूळ पोकेमॉन ज्यावर खेळतात ते, काहीही आमच्या घरात कधी आलं नाही. पुढे नोकरी लागल्यावर पोकेमॉन शोडाउन सापडलं. ब्राउजर उघडा, सहा पोकेमॉन निवडा, त्यांच्या मूव्ह (हल्ले, डावपेच) ठरवा आणि खेळा. पैसे नाहीत, कार्ट्रिज नाही, महिनोन्‌महिने एकेकाला वाढवत बसणं नाही. दिवसभर पतसंस्थेत व्हाउचर तपासायची आणि रात्री चिपळूणच्या घरात बसून जगाशी भांडायचं. तेव्हा मी सगळे खेळतात तोच फॉरमॅट खेळायचो. आठवड्याभरात कळलं की समोर फिरून फिरून त्याच पंधरा-वीस जणांची तोंडं येतात. मग एकदा फॉरमॅटच्या यादीत खाली खाली गेलो आणि ‘अदर मेटागेम्स’ नावाचा भाग दिसला. खेळ तोच, फक्त प्रत्येक फॉरमॅटमध्ये एखादा नियम उलटासुलटा केलेला.

त्यातला सगळ्यात बेबंद दिसणारा मी उचलला. बॅलन्स्ड हॅकमॉन्स म्हणजे कोणत्याही पोकेमॉनला कोणतीही मूव्ह द्या, कोणतीही ॲबिलिटी (अंगचा गुण) द्या. अगदीच खेळ मोडेल तेवढ्यावर बंदी. मला वाटलं, मजाच मजा. ग्राउडन घेतला, त्याला स्वोर्ड्स डान्स दिला, अर्थक्वेक दिला, मूळ खेळात त्याला न मिळणारी फ्लेअर ब्लिट्झ ही आगीची मूव्ह दिली. एक टर्न मिळाली की अटॅक दुप्पट करायचा आणि मग झोडपत सुटायचं. त्या संध्याकाळी तुमच्यासमोर तेच केलं. एकदा नाचलो आणि तुम्ही चॅन्सी पाठवलीत.

चॅन्सी! गुलाबी, गोल, पोटाशी अंडं धरलेली नर्सबाई. मी हसलो.

तुमच्या चॅन्सीला इम्पोस्टर ही ॲबिलिटी होती. मुळात ती डिट्टोची. मैदानात येताक्षणी समोरच्याचं रूप घ्यायचं: त्याच्या मूव्ह, त्याचे आकडे, त्याने नाचून वाढवलेली ताकदसुद्धा. एचपी (किती मार सोसेल तो आकडा) मात्र स्वतःचा राहतो. डिट्टोचा मूळ एचपी 48, त्यामुळे नेहमीच्या खेळात हे प्रकरण आवाक्यात असतं. चॅन्सीचा आहे 250. लेव्हल 100ला माझा ग्राउडन जास्तीत जास्त 404 एचपीचा आणि तुमचा नकली ग्राउडन 704चा, वर हातातल्या इव्होलाइट या वस्तूमुळे बचाव दीडपट. माझाच नाच, माझाच अर्थक्वेक. उरलेले पाच जण एकामागून एक गेले. त्यात एकही असा नव्हता जो माझ्याच ग्राउडनसमोर उभा राहील.

टोमणा समजून मी काहीतरी तिरकं लिहिलं. नेमकं काय ते आठवतं, पण लिहीत नाही. तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत. फक्त विचारलंत, “परत खेळू या? फक्त आता चॅन्सी तू घे, तुझी टीम मला दे.”

त्या रात्री दोन तास तुम्ही माझी टीम घेऊन माझ्याशी खेळलात. मी चॅन्सी पाठवायचो, रूप घ्यायचो आणि तुमची (म्हणजे माझी) टीम कोसळायची. तिसऱ्या मॅचला माझं डोकं उघडलं. तुम्ही उपदेश म्हणून एकच वाक्य लिहिलंत: टीममधल्या प्रत्येकाला उत्तर टीममध्येच हवं. या फॉरमॅटमध्ये त्याला ‘इम्पोस्टर-प्रूफ’ म्हणतात, हे नाव मला नंतर कळलं. मग आपण लुगिया घेतला. तो फ्लाइंग, म्हणजे जमिनीवरचा अर्थक्वेक लागत नाही. त्याला फ्लॅश फायर ही ॲबिलिटी दिली, म्हणजे आगीच्या मूव्हही लागत नाहीत. ग्राउडनचे दोन्ही हल्ले संपले. चौथ्या मॅचला मी चॅन्सीने ग्राउडनचं रूप घेतलं, तुम्ही लुगिया आणलात आणि माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नाही. हरल्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

एक विचारायचं राहूनच गेलं: त्या दोन तासांत तुमचं रेटिंग एकानेही वाढणार नव्हतं. अशा मॅचचे गुण लॅडरवर, म्हणजे क्रमवारीत, धरतच नाहीत. मग का खेळलात?

त्यानंतर मी तुमच्या मागे लागलो आणि तुम्ही मला तुमच्या चॅटरूममध्ये आणलंत. पहिले काही दिवस मी नुसता वाचत बसायचो. तिथली भाषा इंग्रजी असली तरी मला परकीच. ‘हॅक्स’ म्हणजे फसवणूक नव्हे, नशिबाचा फटका, हे कळायलाही वेळ गेला. तोपर्यंत एकाला मी चक्क “चीटिंग कोण करतंय?” असं विचारून झालं होतं. दोघे-तिघे माझ्यावर हसले. तुम्ही मध्ये पडलात आणि म्हणालात, सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. खरं सांगा, वाटायचं का? मला नाही वाटत.

तुमचं दुसरं वाक्य मी व्हाउचरच्या एका कोऱ्या पाठीवर लिहून ठेवलंय. नवा फॉरमॅट दिसला की आपला आवडता कोण हे नंतर बघायचं, आधी विचारायचं: या नियमाने कोणाचं ओझं उतरलं? तुम्ही उदाहरण स्लेकिंगचं दिलंत. एचपी, हल्ला, बचाव, वेग वगैरे सहा आकड्यांची बेरीज 670, बलाढ्य म्यूटूपेक्षा फक्त दहाने कमी. पण ट्रुअंट या ॲबिलिटीपायी बिचारा एक टर्न मारतो आणि एक टर्न लोळतो. ‘ऑलमोस्ट एनी ॲबिलिटी’त ॲबिलिटीच बदलता येते, म्हटल्यावर आळस गेला आणि उरला नुसता राक्षस. म्हणून तिथे त्याच्यावर बंदी आली. एवढ्या एका उदाहरणात मला बंदीची यादी वाचायला आली. आधी ती मला कोणाच्या तरी लहरीवर ठरवल्यासारखी वाटायची.

मग मी सगळीकडे तोच प्रश्न लावत सुटलो. इन्व्हर्समध्ये टाइपचा तक्ता (आग, बर्फ, दगड अशा जातींत कोण कोणाला भारी) उलटा होतो. एरवी आइसला आग, दगड, लोखंड, कुस्ती सगळ्यांचा मार, आणि सोसतो फक्त स्वतःच्या टाइपचा. उलट्या तक्त्यात तोच पक्का बुरूज. कॅमोमॉन्समध्ये पहिल्या दोन मूव्हचे टाइप हाच तुमचा टाइप, म्हणजे ज्याचं शरीर चांगलं पण टाइप रडका, त्याची दिवाळी. मिक्स अँड मेगामध्ये कोणाचाही मेगा स्टोन, म्हणजे ताकद वाढवणारा दगड, कोणालाही. हा फॉरमॅट तुम्हाला फार आवडतो, मला नाही. तिथे माझं डोकं बेरजांमध्येच अडकतं आणि बेरजा मी दिवसभर करतोच.

माझं मन रमलं ते स्केलमॉन्समध्ये. एचपी सोडून बाकीचे पाच आकडे अशा प्रमाणात वाढवायचे की बेरीज 600च्या आसपास जाईल. मी प्रश्न विचारला, ओझं कोणाचं उतरलं? उत्तर होतं सनकर्न. सूर्यफुलाची बी. सहाही आकडे 30, बेरीज 180. अख्ख्या पोकेमॉन जगात याच्याइतकं फाटकं क्वचित कोणी असेल. या नियमात त्याचा एचपी 30च राहतो, पण बाकी सगळे 114 होतात. टोर्कोल आणून ऊन पाडायचं, क्लोरोफिल या ॲबिलिटीने सनकर्नचा वेग दुप्पट, आणि एरवी एक टर्न थांबून सुटणारा सोलर बीम उन्हात न थांबता सुटतो. पहिल्याच मॅचला त्या बीने दोन धिप्पाड पोकेमॉन आडवे केले. तिसऱ्याने क्विक अटॅकची, म्हणजे वेग न बघता आधी लागणाऱ्या हलक्या मूव्हची, टिचकी मारली आणि ती मेली. तुम्ही मॅच बघत असणार, कारण चॅटमध्ये तुमचं एकच अक्षर उमटलं. शोकाकुल लोक दाबतात ते, ‘एफ’.

आता लाइटचं.

जुलै होता. रूममधली छोटी स्पर्धा, तिसरी फेरी, समोर नेमकं तुमचंच नाव. दोघांचे तीन-तीन शिल्लक होते. बाहेर पाऊस कोकणात पडतो तसा, सरी नव्हे, धारच. माझी टर्न होती. कर्सर अर्थक्वेकवर होता आणि लाइट गेली. राउटर गेला. मोबाइल काढला तर टॉवरही गेलेला. पंखा थांबताना जो हळूहळू मरत जाणारा आवाज करतो तो ऐकत अंधारात बसून राहिलो. आई म्हणाली, “मेणबत्ती देवाजवळच्या खणात आहे.” मी म्हटलं, राहू दे.

टायमर लावायचा की नाही हे खेळाडूंच्या हातात असतं. तुम्ही तो लावला असता तर काही मिनिटांत मी आपोआप बाद. नियमात बसणारी गोष्ट, कोणी नाव ठेवलं नसतं. पस्तीस मिनिटांनी मोबाइलवर एक काडी रेंज आली. धडधडत पान उघडलं. मॅच तशीच. टर्न माझीच. टायमर बंद. मध्ये कोणीतरी तुम्हाला लिहिलेलं दिसलं, “लाव टायमर, पुढे जा.” त्याखाली तुमचं उत्तर, “घाई नाही.”

घाईघाईत इंग्रजी सुचेना. अंगठ्याने टाइप केलं, रोमन लिपीत पण शुद्ध मराठीत: “लाइट गेली होती, सॉरी.”

तुम्ही लिहिलंत: “आमच्याकडेही जायची. पावसात तर हमखास.”

ते मी चार वेळा वाचलं. आठ महिने आपण ग्राउडन, सनकर्न, बंदी, मतं यावर इंग्रजीत वाद घालत होतो आणि तुम्ही ‘हमखास’ म्हणणारं माणूस निघालात! ‘जायची’ म्हणालात, म्हणजे आता जात नाही, म्हणजे आता कुठेतरी लांब आहात. पुढे विचारावं तर त्या रूममध्ये इंग्रजीच बोलायचं असा नियम, आणि मॅच अर्धी राहिलेली. तुम्ही लगेच इंग्रजीत म्हणालात, “तुझी टर्न.” मी अर्थक्वेक दाबला. तुम्ही हवेत उडणारा आणलात. हरलो.

नंतर खासगीत मी गाव विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. बरोबर केलंत, त्या जगाची तीच रीत. पण तेव्हापासून क्रिट (नशिबाने बसणारा जादा जोराचा फटका) लागला की तुमच्याकडून कधीमधी “अरे देवा” येतं, आणि बाकीचे विचारतात हा कोणता नवा पोकेमॉन. मी गप्प बसतो. तेवढं एक गुपित आपलं.

गेल्या वर्षी एका ॲबिलिटीवर बंदी घालायची की नाही यावर मतदान झालं. ठरलेलं रेटिंग गाठेल त्यालाच मत. मी तीन रात्री जागून ते गाठलं. तुमचं मत बंदीच्या बाजूने, माझं विरुद्ध. चार दिवस आपण भांडलो. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत खुर्च्या सरकवण्यावरून जेवढा आवाज होतो, त्याच्या एक दशांशही झाला नाही, पण मुद्दे दसपट. बंदी झाली. मला अजूनही ती चूक वाटते. पण तुम्ही माझ्या मुद्द्यांच्या बाजूने असलेले दोन रिप्ले (जुन्या मॅचची रेकॉर्डिंग) स्वतः शोधून मला दिलेत, ‘हे वापर, तुझा मुद्दा पक्का होईल’ म्हणून. आपल्याच विरुद्धचा पुरावा समोरच्याच्या हाती देणारं माणूस मी कामाच्या ठिकाणी अजून पाहिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात रूममध्ये एक नवा मुलगा आला. त्याच्या झर्निआसची मी चॅन्सीने नक्कल केली आणि त्याची सगळी टीम संपवली. त्याने मला शिवी दिली. मी लिहिलं, “तुझा झर्निआस छान आहे, वापरताना मजा आली.” लिहून झाल्यावर मीच हसलो. मग त्याला विचारलं, परत खेळू या का, टीम मला दे. रात्रीचा एक वाजला. दुसऱ्या दिवशी दोन व्हाउचर चुकली.

त्या सगळ्याचे आभार मानायचे होते. इंग्रजीत ‘टीवाय’ (थँक यू) ही दोन अक्षरं मी तुम्हाला शंभरदा टाकली असतील, ती पुरत नव्हती.

या रविवारी रात्री साडेनऊला, आमच्या वेळेने, स्केलमॉन्स खेळू या. सनकर्न घेऊन येतोय, आणि घरी इन्व्हर्टर बसवलाय. टायमर लावलात तरी चालेल.

आपला,
चिपळूणचा तो ग्राउडनवाला