पंप खोलीवर ठेवू नकोस

प्रिय मनू,

शिराझला पोचल्याचा तुझा मेसेज रात्री बघितला, आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. फोन लावतोय तर लागत नाही, नेट येतं-जातं असं तू म्हणाली होतीस म्हणून मेल करतोय, मिळेल तेव्हा वाच. दम्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय, एअरपोर्टवर त्यावरून जे झालं ते पुन्हा नको. फक्त पंप खोलीवर ठेवू नकोस, खिशात ठेव. झालं, विषय संपला.

पर्सेपोलिसचे, इराणच्या जुन्या राजांच्या त्या राजधानीचे, फोटो मोठे करून करून बघितले. माझा जन्म बांधकामाच्या साइटवर गेला त्यामुळे मी नक्षीच्या आधी जोड बघतो. दोन दगडांमध्ये चुना नाही काही नाही, नुसते लोखंडी आकडे बसवून शिसं ओतलेलं आणि सांधा तरी कसला, नख जाणार नाही. अपादानाचे, म्हणजे राजाच्या दरबाराच्या दालनाचे, 72 खांब, जवळजवळ 20 मीटर उंच, त्यातले 13 आजही उभे. वर पाठीला पाठ लावलेले दोन बैल आणि त्यांच्या मानांच्या मधल्या खोबणीत तुळई बसायची, म्हणजे जी शोभा तोच टेकू, हे मला फार म्हणजे फारच आवडलं. तुळया लाकडाच्या म्हणून खांब इतक्या लांब लांब उभे करता आले, दगडी तुळईला तो गाळा झेपलाच नसता. अलेक्झांडरच्या वेळी, ख्रि.पू. 330 मध्ये, तेच छप्पर जळलं.

भिंती कच्च्या विटांच्या होत्या, त्या मातीला मिळाल्या आणि दगडी चौकटी-खिडक्या तेवढ्या राहिल्या. म्हणजे तू उभी राहून ड्रॉइंग करतेस ना, तिथली माती भिंतींचीच असणार, बारीक, वारा सुटला की उडणारी. मास्क लावतेस ना? चौथऱ्यावर चढायच्या जिन्याला 111 पायऱ्या, एकेक जेमतेम 10 सेंटीमीटर उंच, अंगावर जड पोशाख असला तरी सावकाश चढता यावं इतक्या सोप्या. तरीही एका दमात चढू नकोस, मध्ये थांब.

बघ, आलाच विषय. सॉरी. तू लहान नाहीस, हे काम तू स्वतःच्या जोरावर मिळवलंस, नाशिकच्या काकांना मी फोन करून सांगितलं की आमची मनू दारियसच्या राजवाड्याच्या नोंदी करायला गेलीय, तर ते म्हणाले दारियस कोण, मग अर्धा तास मीच बोलत होतो. ख्रि.पू. 518 च्या सुमारास या इराणच्या राजाने, दारियसने, काम काढलं, मुलाने, झर्क्सिसने, तो मोठा दरवाजा उभा केला आणि शंभर खांबांचं दालन पुरं व्हायला नातू उजाडला.

त्या दरवाजाचे पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल बघून मला फोर्टातली अग्यारी आठवली. तुला खांद्यावर घेऊन समोर उभा होतो आणि तू विचारत होतीस हा बैल हसतोय का. तेव्हा तुला रात्र रात्र खोकला असायचा, आई आणि मी आळीपाळीने जागायचो.

पूर्वेच्या जिन्यावर भेटी घेऊन आलेल्या 23 देशांच्या लोकांत आपल्याकडचे पण आहेत म्हणालीस ना, धोतर नेसलेले, एकाच्या खांद्यावर कावड. त्याचा जवळून फोटो पाठव. सिंधूकडून इतक्या लांब अनवाणी आलेला माणूस, त्याचे पाय कोरणाऱ्याने कसे काढलेत ते बघायचंय.

आणि 1933 मध्ये सापडलेल्या त्या मातीच्या पाट्या. राजाच्या मोठेपणाचं सोड, कोणत्या मजुराला किती धान्य, किती दारू दिली त्याचा हिशोब, बायकांची नावं सुद्धा कामावर. मला आपली हजेरीची वही आठवली. बाळंतिणीला जास्तीचा शिधा मिळायचा हे वाचून बरं वाटलं, मग पुढे वाचलं की मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट, आणि मी लॅपटॉप बंद केला. तुझ्या वेळी सगळे म्हणाले मुलगी आहे तर बर्फी वाटा, मी पेढेच वाटले, आजीने तोंड वाकडं केलं तरी वाटले. ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू जायच्या विरोधात मी नव्हतो गं. मला फक्त तिथली धूळ दिसत होती, आणि मुक्कामापासून हॉस्पिटल किती लांब आहे ते कुणी मला नीट सांगितलं नाही. तू विचारून ठेव. टीममधल्या एकाला तरी पंप कसा द्यायचा ते दाखवून ठेव, यात लाज कसली, बाकी मी काही म्हणत नाही.

एक काम कर माझ्यासाठी. चौथऱ्याच्या खाली पाण्याच्या निचऱ्याचे चर आहेत, आधी ते खोदले मग वर राजवाडा चढवला, हे ज्याने ठरवलं तो खरा इंजिनियर. डोंगराचं पाणी आत कुठून घेतलंय आणि उतार किती ठेवलाय ते तुमच्या नकाशात असेल, तो फोटो पाठव. आत स्वतः उतरू नकोस, तिथे कोंदट असणार.

बाबा