क्युसेक नको, पाणी कुठपर्यंत येईल ते सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी चाळीसगावचा. बावीस वर्षं जहाजावर फिटर होतो, आता घरीच असतो. पेपर रोज वाचतो पण पत्र पहिल्यांदाच लिहून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या. परवा तुमच्या पेपरात धरणाच्या विसर्गाची बातमी आली, इतके दरवाजे उघडले, इतके क्युसेक सोडले, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे, आणि ती वाचता वाचता मला टॅक्लोबान आठवलं.

टॅक्लोबान हे फिलिपिन्समधल्या लेयते प्रांताचं मुख्य शहर. जहाजावरचा आमचा कुक तिथला. मला कुया म्हणायचा, म्हणजे तिकडचा दादा. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याने हट्टाने घरी बोलावलं. गाव फार सुंदर आहे साहेब. लेयते आणि समार ही दोन बेटं जोडणारा सान हुआनिको पूल, दोन किलोमीटरच्या वर लांब, खाली छोटी छोटी हिरवी बेटं. (२०२५ च्या मे महिन्यात त्या पुलावर ३ टनांपेक्षा जड गाड्या बंद केल्या, कुकचा फोन आला तेव्हा बिचारा भाजीपाला कसा येईल याच काळजीत होता.) जवळच पालोचा किनारा आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या २० ऑक्टोबरला, अमेरिकेचा जनरल मॅकआर्थर उतरला, त्याचे आणि सोबत्यांचे मोठाले पुतळे पाण्यातून चालत येताना दाखवलेत. कुकच्या आईने बिनागोल खाऊ घातलं, अळूसारखा कंद नारळाच्या दुधात कालवून करवंटीत वाफवतात, आपल्याकडच्या खरवसासारखं मऊ लागतं.

पण ८ तारखेच्या संध्याकाळी सगळ्या गावाने रस्त्याच्या कडेने मेणबत्त्या लावल्या. घरासमोर, दुकानासमोर, जिकडे बघावं तिकडे. २०१३ साली त्याच तारखेला सकाळी हैयान वादळ आलं होतं, तिकडे त्याला योलांदा म्हणतात. सरकारी आकडा ६३०० मेले, हजाराच्या वर सापडलेच नाहीत. मोठाली जहाजं वस्तीत येऊन पडली, त्यातल्या एकाचा पुढचा भाग तिथेच स्मारक म्हणून ठेवलाय, मी त्याला हात लावून आलो.

आता मुख्य गोष्ट. कुकच्या आईने सांगितलं की वादळाआधी इशारा आला होता. रेडिओवर, टीव्हीवर, स्टॉर्म सर्ज येणार म्हणून. पण स्टॉर्म सर्ज म्हणजे काय ते कोणालाच कळलं नाही. त्यांना वाटलं जोराचा वारा पाऊस, तो तर दरवर्षीच असतो, म्हणून पत्रे बांधले आणि घरातच बसले. समुद्रच उचलून गावात येणार आहे, पाच-सहा मीटर, असं कोणी म्हटलं असतं, नुसतं त्सुनामीसारखं म्हटलं असतं तरी आम्ही डोंगराकडे पळालो असतो, असं ती म्हणाली. तिची बहीण गेली त्यात. ज्या इमारतींत लोकांना आसऱ्याला नेलं होतं त्यातल्या काहींतही पाणी भरलं. आणि १८९७ च्या ऑक्टोबरात अगदी अस्संच झालेलं होतं, एका जेझुइट पाद्र्याने लिहूनही ठेवलेलं, पण ११६ वर्षांत गाव विसरून गेलं.

त्याच प्रांतात ऑर्मोक शहर आहे. ५ नोव्हेंबर १९९१ ला डोंगरावरून अचानक लोंढा आला आणि सुमारे ५ हजार माणसं गेली, नदीच्या वळणात घरं बांधलेली होती त्यांची तर वस्तीच पुसली गेली. हे ऐकताना मला आपली तितूर नदी दिसत होती.

कारण ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट मी चाळीसगावात काढलीय. तितूर आणि डोंगरी दोन्ही एकदम चढल्या, बाजारात पाणी, कन्नड घाटात दरडी, शेकडो गुरं वाहून गेली. आमच्या गल्लीत एक म्हातारी "पूर उना रे, पया!" (पूर आला रे, पळा!) ओरडत गेली, तेवढ्यावर आम्ही माडीवर चढलो. तिला क्युसेक माहीत नव्हतं.

साहेब, १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, दोन हंडे समजा. १० हजार क्युसेक म्हणजे १० हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला. हे मला जहाजावरच्या पंपांमुळे कळतं, माझ्या वहिनीला कसं कळणार? मोबाईलवर मेसेज येतो तोही असाच, विसर्ग, सतर्कता, सखल भाग. त्याऐवजी लिहा ना, पाणी अमक्या पुलाला टेकेल, अमक्या मंदिराच्या तिसऱ्या पायरीला लागेल, अमक्या गल्लीने रात्रीच सामान वर न्यावं. आणि जमलं तर भोंग्यावरून अहिराणीत सांगा, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तीच लवकर पोचते. तुमचा पेपर तरी आकड्याखाली अशी एक ओळ छापू शकतो, तितूर, गिरणा, पांझरा, तापी, सगळ्या काठांसाठी.

दुसरं, पुराच्या खुणा. आमच्या घरात पाणी आलं तिथे मी निळा पट्टा मारून तारीख लिहिलीय, माझ्या छातीला लागतो. गल्लीतल्या बाकीच्यांनी भिंती रंगवून टाकल्या. तुमच्या वार्ताहराला पाठवा, फोटो छापा, म्हणजे शेजारचेही आपापली खूण आठवून सांगतील, अजून आठवतंय तोवर.

आपला नम्र,
एक वाचक, चाळीसगाव