त्या बुधवारनंतरची शाळा

कमिंग, जॉर्जिया
ऋषिपंचमी, ८ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल आरतीनंतर फोन केला तेव्हा आई इतकी घाबरली होती की तिला धीर देण्यातच सगळा वेळ गेला. तुझ्याशी बोलायचं राहिलंच. तू शाळेत शिकवतेस, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

बुधवारी सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास विंडरच्या ॲपलॅची हायस्कूलमध्ये गोळीबार झाला. २ विद्यार्थी आणि २ शिक्षक गेले, ९ जण जखमी झाले. गोळ्या झाडणारा मुलगा १४ वर्षांचा, त्याच शाळेतला. विंडर आमच्या घरापासून गाडीने साधारण तासाभरावर आहे. आम्ही सुखरूप आहोत. ओवीची शाळा आणि मी मदतनीस आहे ती प्राथमिक शाळा, दोन्ही विंडरपेक्षा वेगळ्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, येतात. पण काउंटीची सीमा मुलांना कुठली कळायला!

गुरुवारी शाळा भरण्याआधी मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना ग्रंथालयात बोलावलं. नुसत्या शिक्षकांना नाही, बसचे ड्रायव्हर, कॅन्टीनमधल्या बायका, सफाई करणारे, सगळ्यांना. मला हे फार पटलं. सकाळी मुलाला शाळेचं पहिलं माणूस दिसतं ते बस चालवणारं. ठरलं ते इतकंच: रोजचं वेळापत्रक जसंच्या तसं चालवायचं. लहान वर्गांत विषय आपण काढायचा नाही, पण मुलाने विचारलं तर टाळायचंही नाही. आधी त्याला काय काय माहीत आहे ते विचारायचं, आणि तेवढ्याचंच खरं उत्तर द्यायचं.

दुसरीतल्या एका मुलाने मला विचारलं, "तो मुलगा आपल्याकडे येईल का?" मी म्हटलं, "नाही, त्याला पोलिसांनी पकडलंय." मग त्याने विचारलं, "दुसरा कुणी?" ताई, अशा वेळी "असं इथे कधीच होणार नाही" असं सांगून टाकायचा मोह होतो. पण असा हल्ला झाला तर काय करायचं याचा ही मुलं बालवाडीपासून सराव करतात. दिवे बंद, दाराला कुलूप, कोपऱ्यात गप्प बसायचं. आपण खोटं बोललो तर त्यांना लगेच कळतं, आणि मग ती पुढचं विचारतच नाहीत. मी त्याला दाराचं कुलूप दाखवलं, आम्ही मोठी माणसं काय काय करतो ते सांगितलं. ॲपलॅचीतही एका वर्गाचं दार बंद होतं, तो मुलगा परत आला तेव्हा आतल्यांनी ते उघडलं नाही. शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर धोक्याचं बटण होतं, ते तिथे जेमतेम आठवड्यापूर्वी आलं होतं.

शिक्षकांकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. आमच्यातल्या एकीची नणंद ॲपलॅचीच्याच काउंटीत शिकवते. आमची ही सहकारी मुलांसमोर हसतमुखाने उभी राहायची आणि मधल्या सुट्टीत खोलीत जाऊन रडायची. आम्ही तिचे तास वाटून घेतले, डबे आणले. त्यापलीकडे काही बोलायची गरज नव्हती.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. गुरुवार-शुक्रवारी जॉर्जियाभर शाळांना धमक्यांचे मेसेज आले. बहुतेक पोकळ, काही मुलांना अटकही झाली. आमच्याकडे बऱ्याच पालकांनी मुलांना घरीच ठेवलं. मोठ्या मुलांना आम्ही एकच सांगत होतो: असा मेसेज पुढे पाठवू नका, मोठ्यांना दाखवा, ही चुगली नव्हे. कनेटिकटमधल्या सँडी हुकच्या शाळेत २०१२ मध्ये गोळीबारात पहिलीतली २० मुलं गेली. त्यांच्यातल्या काहींच्या आईवडिलांनी संस्था काढली आणि ते इतकी वर्षं शाळाशाळांतून हेच शिकवताहेत. आपलं लेकरू गेल्यावर दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उभं राहायला काय काळीज लागत असेल!

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते वेगळंच. गेल्या वर्षी मे महिन्यात इंटरनेटवरच्या धमक्यांवरून पोलिस या मुलाच्या घरी जाऊन आले होते. तरीही त्यानंतर वडिलांनीच त्याला नाताळची भेट म्हणून ती रायफल घेऊन दिली, असं बातम्यांत येतंय. गुरुवारी वडिलांनाही अटक झाली. मिशिगनमध्ये अशाच एका मुलाच्या आईवडिलांना याच वर्षी शिक्षा झाली आहे. इथे जॉर्जियात घरातली बंदूक कुलपात ठेवा असं सांगणारा कायदाच नाही.

काल आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीला मुलं नाचत होती तेव्हा मी बाकीच्या आयांना सरळ म्हटलं: मूल कुणाकडे खेळायला पाठवायच्या आधी विचारा, तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का. दोघीतिघी म्हणाल्या, असं विचारणं बरं दिसत नाही, आपण बाहेरून आलेली माणसं. आपण घरी कुत्रा आहे का विचारतो, शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो, मग हे का नाही? मी ओवीच्या मैत्रिणीच्या आईला विचारलं. ती जराही रागावली नाही. तिजोरी कुठे आहे, किल्ली कुणाकडे असते, तेही तिने सांगितलं, आणि विचारल्याबद्दल आभार मानले.

आता तुझ्याकडे एक काम. आईला सांग, बातम्यांच्या क्लिपा पाठवायच्या तर मला पाठव, ओवीच्या फोनवर नको. मंगळवारी गौरी बसल्या की व्हिडिओ कॉल कराल तेव्हा तिला याबद्दल आपणहून विचारू नका. ती बोलली तर पूर्ण बोलू द्या. "आता परत या" असं मात्र तिच्यासमोर म्हणू नका, त्याने ती जास्त घाबरते. ते माझ्याशी बोला, मी ऐकून घेईन. बाबांच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझी,
मेघा