जेवणाच्या पानावरची मराठी

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घरातल्या इंटरनेटचा विषय निघाला की मुलांचे डोळे, झोप आणि अभ्यास यांचीच चर्चा होते. परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांचे नुकसान त्याहून निराळे आहे. वडोदऱ्यात आमची मुले रस्त्यावर गुजराती बोलतात, शाळेत इंग्रजीतून शिकतात, आणि मराठी त्यांच्या कानावर पडते ती केवळ घरात, त्यातही मुख्यत्वे रात्री जेवताना. नेमकी तीच वेळ आता मोबाइलने घेतली आहे.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात वायफायचा राउटर देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे, कारण तिथूनच वरच्या मजल्यापर्यंत रेंज पोहोचते. जेवायला हाक मारणे आता बंद झाले. सूनबाई घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पानं घेतली आहेत' असे टाकतात आणि वरून अंगठा येतो. मध्यंतरी नऊ वर्षांच्या नातवाने तो निरोप वाचून 'कुठल्या पुस्तकाची?' असे विचारले. सगळे हसले, मीही हसलो, पण ते अजून मनातून जात नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. शहरात भोंगा कोण वाजवणार? आम्ही आधी राउटरच बंद करून पाहिला, परंतु २०१६ नंतर स्वस्त झालेला डेटा प्रत्येकाच्या खिशात असल्याने काही फरक पडला नाही. मग साडेआठ ते साडेनऊ सर्वांचे फोन फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे ठरले. हा नियम पहिल्यांदा मोडला तो मीच, क्रिकेटचा स्कोअर पाहण्यासाठी, हे कबूल करतो.

इंटरनेटला सरसकट दोष देण्याचा माझा हेतू नाही; इथे क्वचितच ऐकायला मिळणारी कीर्तने आणि मराठी व्याख्याने मी दुपारी त्यावरच ऐकतो. मात्र मला ऐकून भागते, कारण मला मराठी येते. मुलांना ती यायची तर त्यांच्याशी कोणीतरी बोलले पाहिजे आणि त्यांनी उलट उत्तरही दिले पाहिजे.

आपणास विनंती एवढीच, की रविवारच्या अंकात जेवताना मोठ्याने वाचता येईल अशी एखादी छोटी गोष्ट, शक्यतो ठळक अक्षरांत, द्यावी. डब्याचे झाकण लागल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे काय बोलावे, हे आमच्या घरात अजून कोणालाच सुचत नाही.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा