जूनमध्ये आम्हाला सुरमई खाऊ न देणाऱ्या मालवणच्या रिक्षावाल्या दादांना

सप्रेम नमस्कार दादा,

आभार फोनवरही मानता आले असते. मानायला गेलेही होते, पण तुम्ही "हां हां, ठेव आता, प्याशिंजर आसा" म्हणून फोन बंद केलात. मेसेज पाठवला तर त्यावर नुसता अंगठा आला. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही. "माजा नाव घालू नको, स्टँडार माका चिडवतले" ही तुमची अट पाळली आहे. रिक्षाचा नंबरही लिहीत नाही. ओळखायचे ते ओळखतील.

जूनच्या शेवटाला मालवणात फिरायला येणाऱ्या मायलेकी तुम्हाला थोड्या वेड्याच वाटल्या असणार. किल्ल्याची होडी बंद, तारकर्लीतले पाण्यातले खेळ बंद, निम्म्या हॉटेलांना पुढून प्लास्टिक बांधलेलं. पण हट्ट आईचा होता. "मे महिन्यातलं कोकण तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, मला पावसातलं बघायचंय," असं ती गेली कित्येक वर्षं म्हणत होती. तिचं माहेर इथल्याच कट्टा गावाच्या बाजूचं. घर आहे, पण बंद. मामा मंडळी मुंबईत, आणि घराची किल्ली दोन मामांच्या अबोल्यात कुठेतरी अडकलेली. (त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, ते जाहीर नसेल.) त्यामुळे मालवणात लॉजवर उतरायचं आणि बाहेर जेवायचं, याला इलाज नव्हता. ज्या तालुक्यात आपण जन्मलो तिथेच मेनूकार्ड हातात धरून बसायचं, हे तिला किती लागलं असेल ते मला पहिल्या रात्री कळलं. ती कार्ड उलटसुलट बघत राहिली आणि म्हणाली, "तूच सांग काहीतरी."

मी सांगितली सुरमई थाळी. दुसरं काय सांगणार? मालवण म्हटलं की सुरमई, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. आली ती तुकडी कापसासारखी. वरचा रवा कुरकुरीत, आत ना रस ना चव. सोलकढी इतकी गुलाबी की मला आधी शंका आली आणि घोट घेतल्यावर ती खरी ठरली. आईने कढी बाजूला सारून वरणभात मागवला. बिल मात्र ताज्या माशाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही भेटलात. मी आपली विचारतेय, "दादा, चांगली सुरमई कुठे मिळेल?" तुम्ही रिक्षा चालूसुद्धा केली नाहीत. मागे वळून म्हणालात, "जून म्हयन्यात सुरमय मागतत, आणि मगे म्हणतत मालवणात चव रवली नाय."

मग जे ऐकवलंत ते इथे लिहिते, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण असणार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. बिगर यांत्रिक होड्यांना बंदी नाही, पण त्या उधाणात वल्ह्याची होडी घेऊन किती लांब जाणार? म्हणजे या दिवसांत थाळीत येणारी सुरमई बहुतेक बर्फातली, नाहीतर कुठून तरी लांबून आलेली. हे काही गुपित नाही, मासळीबाजारातल्या कुठल्याही बाईला विचारलं तरी ती सांगेल. आम्ही विचारत नाही एवढंच. आम्ही यादी घेऊन येतो, आणि गिऱ्हाइकाच्या यादीत जे आहे ते हॉटेलवाला बारा महिने वाढतो. त्यालाही धंदा करायचाय.

तेवढ्यात आईने तोंड उघडलं. "मगे घराकडे काय करतत ह्या दिवसांत? पिठीच मां?" तुम्ही आरशातून तिच्याकडे बघितलंत. "खंयच्या गो तुम्ही?" कट्ट्याच्या म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हंजे हयचाच चेडू!" चौऱ्याहत्तर वर्षांचं चेडू, म्हणजे पोरगी, मागच्या सीटवर जे खुललं ते खुललंच. आमचे बाबा साताऱ्याकडचे, त्यामुळे आई घरात मालवणी कधी बोललीच नाही. मी तिला इतकं सलग मालवणी बोलताना पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यातलं निम्मं मला कळलं नाही.

तुम्ही रिक्षा नेलीत ती बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. त्या खानावळीला पाटी नाही. आत एसटीचे दोन ड्रायव्हर, एक बँकेतला मुलगा आणि एक मास्तर. काकींनी आम्हाला बघून आधीच हात जोडले, "आज माशे नाय हां." तुम्ही म्हणालात, "माशे कोणाक होये? घराकडचा वाढ."

ताट असं होतं: उकड्या तांदळाचा जाड, तांबूस भात, कुळथाची पिठी, आठळ्या (फणसाच्या बिया) घालून टाकळ्याची भाजी, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि खारातल्या कैरीची फोड.

पिठीबद्दल जरा लिहिते, कारण शहरात आमच्या पिढीने तिला आजाऱ्याचं जेवण करून टाकलंय. भाजलेल्या कुळथाचं पीठ पाण्यात गुठळी न होता कालवायचं, फोडणीत लसूण आणि मिरची, आणि उकळताना आमसूल. एवढंच. पण काकींची पिठी वाटीत ओतली तेव्हा ना ती पातळ होती ना घट्ट, वर तेलाचे बारीक डोळे, तळाशी एक काळंभोर आमसूल. आईने भाताला मधोमध खळगा केला, त्यात पिठी ओतली आणि काठाकाठाने भात ओढत ओढत कालवला. पहिला घास घेऊन काकींना तिकडूनच ओरडून विचारलं, "लसूण ठेचलंस मां गो? चिरलंस नाय?" काकी आतून म्हणाल्या, "चिरून काय करतलंय!" झालं. दोघींचं जे जमलं, त्यानंतर आम्हाला ताटात काय येणार हे कोणी विचारलंच नाही, येत गेलं ते खात गेलो. सुका बांगडा हाताने मोडून त्यावर खोबरेल तेलाचे थेंब टाकायचे हे मला त्या दिवशी कळलं. वासाने मास्तर हसत होते. माझ्या ओढणीला तो वास ठाण्यापर्यंत आला.

टाकळा तर आमच्या सोसायटीच्या कुंपणालाही उगवतो आणि माळी तो तण म्हणून उपटून टाकतो. त्यात फणसाच्या आठळ्या. आई सांगत होती, मे महिन्यात फणस खाऊन झाले की आजी आठळ्या लाल मातीत घोळून कोपऱ्यात ठेवायची, त्या पावसाळाभर पुरायच्या. मे महिन्यात फणस खाणारे आम्ही सगळे होतो. आठळ्या कुठे जातात हे बघायला आम्ही कधीच थांबलो नाही.

यावरून परत जाताना रिक्षात आईने एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही पटली होती. तिच्या लहानपणी मुंबईचे चाकरमानी बोटीने यायचे. पावसाळ्यात बोट बंद. म्हणून सगळे मे महिन्यात यायचे आणि पाऊस लागायच्या आत परत. त्यामुळे चाकरमान्यांनी जाताना मुंबईला जी चव नेली ती आंब्याची, फणसाची, ताज्या माशांची, कोंबडी-वड्यांची. पुढे हॉटेलांनी तीच थाळीत मांडली. पावसाळ्यातलं जेवण कोणी नेलंच नाही. ते खाल्लं फक्त गावात राहिलेल्यांनी. मला हे ऐकून फार आश्चर्य वाटलं, कारण 'अस्सल मालवणी' म्हणून मी आजवर मुंबई-पुण्यात जे जे खाल्लं ते सगळं सुट्टीतलं जेवण निघालं. वाईट नव्हे. पण सुट्टीतलं.

शिरवाळ्यांसाठी तुम्ही आदल्या रात्री फोन करून ठेवलात, त्याचे आभार वेगळे. बचत गटाच्या त्या बायका ऑर्डर असेल तरच करतात आणि आमची ऑर्डर दोन माणसांची! तुम्ही काय सांगून त्यांना तयार केलंत कोण जाणे. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यातून काढून तसेच वाफाळते साच्यात घालायचे. गार झाले तर दाबता दाबत नाहीत. एकीने साचा धरला, दुसरीने अंगातलं सगळं बळ लावून दांडा खाली आणला आणि खालच्या केळीच्या पानावर पांढऱ्याशुभ्र शेवया वेटोळ्यावेटोळ्याने उतरल्या. आई पाटावर बसून "माका दी, माका दी" म्हणत होती. दिला तिला एक गोळा. दांडा अर्ध्यावर अडकला, तेव्हा तुम्ही छत्री बाजूला ठेवून पुढे आलात आणि दोघांनी मिळून तो खाली आणला. नारळाच्या दाट दुधात गूळ आणि वेलची, त्यात त्या गरम शिरवाळ्या. बोटांनी उचलायच्या, चमच्याने नाही. मी चमचा मागितला तेव्हा तुम्ही ज्या नजरेने बघितलंत तीही आठवते आहे.

बाकीचं भराभर लिहिते. एसटी स्टँडजवळचा उसळ-पाव, धो धो पावसात रिक्षात बसून खाल्लेला, उत्तम. खाजा घेतला, आल्याचा वास झकास, पण तो आईच्या दातांना जमला नाही, तेव्हा तिने नुसता वरचा गूळ चोखला आणि बेसनाच्या कांड्या माझ्याकडे दिल्या. शेतातल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, विकणारा मुलगा रस्त्यात दिसला तिथे थांबलात, भाव करून दिलात आणि काकींकडून रस्सा करून घेतलात. चढणीच्या माशांचं विचारलं तेव्हा मात्र तुम्ही मान हलवलीत. पहिल्या पावसात पाण्याच्या उलट्या दिशेने चढणारे ते मासे गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेले असतात. "हल्ली सगळेच धरूक लागले, मगे पुढच्या वर्षाक कोण चढतलो?" असं म्हणालात. आईला ते खायचे होते. पण तिने पुन्हा विषय काढला नाही.

आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस! काकींनी निघताना बाटली दिली. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण त्या पहिल्या रात्रीच्या सोलकढीला ते मानांकन लागू होत नसावं. काकींच्या आगळाची कढी घरी केली. रंग फिका आला, जवळजवळ जांभळट राखाडी, आणि माझ्या मुलाने विचारलं, "ही बिघडलीये का?" पिऊन झाल्यावर त्याने दुसरी वाटी मागितली.

तुम्ही भाडं चोख घेतलंत, याबद्दलही आभार मानते. वाटेत थांबलात त्या वेळेचेसुद्धा घेतलेत, आणि ते बरोबरच आहे. पाहुणचाराच्या नावाखाली पैसे नाकारले असते तर आई संकोचून दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलवायला तयार झाली नसती. जे जादा केलंत, म्हणजे फोन, भाव, दांडा ओढणं, कुठे काय खाऊ नये ते तोंडावर सांगणं, त्याला मीटर नव्हता. हे पत्र त्यासाठी.

आई आता रोज पिठी मागत नाही, पण आठवड्यातून एकदा होतेच. इथल्या दुकानातल्या कुळीथ पिठाला ती चव नाही, असं तिचं मत. माझं मत, माझ्या हाताला नाही. तिने मला लसूण ठेचायला लावला, चिरू दिला नाही.

पुढचं असं. तिला तिरफळं घातलेला ताजा बांगडा खायचाय. मी म्हटलं, नारळी पौर्णिमा झाली की लगेच जाऊ. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "घाई करू नको, रापण लागांदे." तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, व्यवस्थित लागली की कळवा, आम्ही रेल्वेचं तिकीट तेव्हाच काढू. काकींना विचारून ठेवा, गणपतीत खानावळ बंद असते का. आणि त्या कुळीथ कुठून घेतात तेही विचारा. नवे कुळीथ आले की दोन किलो भाजून, दळून आमच्या नावाने बाजूला ठेवायला सांगा. पैसे आधी पाठवते. आई म्हणते दोन नको, तीन किलो सांग. बहिणीलाही द्यायचे आहेत.

तुमची,
कट्ट्याच्या माहेरवाशिणीची लेक,
ठाणे