ताबा घेण्यापूर्वी घरात पाणी भरून पाहा

महोदय,

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर सोलापुरात अनेक कुटुंबे नव्या घराचा ताबा घेतात. वकिलाकडून मालकीहक्काच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढलेला असतो, बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेलेला असतो. पण व्हॅल्युअर कर्जाच्या तारणाची किंमत ठरवतो. भिंतीत ओल आहे का, अर्थिंग लागते का, हे पाहणे त्याचे काम नाही. त्यासाठी अभियंत्याला बोलावणारे फार थोडे. त्यात महिना असा, की 40 अंशांच्या वरच्या उन्हात पाझरणारी भिंतसुद्धा खडखडीत वाळलेली असते.

म्हणून इथल्या तपासणीत पाणी मुद्दाम आणावे लागते. बाथरूमचा नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जायची जाळी) बोळा कोंबून बंद करायचा, इंचभर पाणी भरायचे, भिंतीवर पेन्सिलने पातळी आखायची आणि 24 तास तसेच ठेवायचे. एखादे सूत (इंचाचा आठवा भाग) पाणी हवेत उडून जाते, त्याने घाबरू नये. खरा निकाल खालच्या मजल्यावर लागतो. पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो, तिथे हात लावून आणि मॉइश्चर मीटर (ओल मोजणारे यंत्र) टेकवून पाहायचे. गळतीची सुरुवात बऱ्याचदा तिथेच होते, कारण वॉटरप्रूफिंग झाल्यावर प्लंबर पाइपसाठी तोच थर फोडतो आणि भोक नुसत्या सिमेंटने लिंपून टाकतो. सगळ्यात वरचा फ्लॅट असेल तर गच्चीचा कोबा (वरचा जलरोधक थर) आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) पायाशी सिमेंटची गोलाई देऊन केलेला वाटा फुटला आहे का, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. रो-हाऊसचा पाया या थराखाली मुरुमापर्यंत नेला नसेल, तर तो तिच्याबरोबर हलतो. प्लास्टरवरच्या केसासारख्या वेड्यावाकड्या रेषा किरकोळ असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी, 3 मिलिमीटरहून रुंद भेग मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलीच पाहिजे. सगळी भिंत जुनी आणि नेमक्या त्या कोपऱ्यात पुट्टी ताजी दिसली, तर कारण विचारा.

फरशीवर नाणे वाजवत फिरा. भरीव फरशी ठक् वाजते, खाली माल नसलेली पोकळ वाजते आणि पुढे कपाटाच्या पायाखाली तडकते.

विजेची तपासणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. एसीच्या पॉइंटला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे का, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबताच पडतो का, प्रत्येक प्लगला अर्थिंग खरोखर पोचले आहे का, हे पाहायचे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळला की अर्थिंग कमजोर होते, म्हणून तोही उघडून पाहावा.

शहरात पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे जमिनीखालच्या टाकीचा हिशेब कागदावर मागा. माणशी रोज 135 लिटर धरले, तर चौघांच्या घराला 4 दिवसांना 2,160 लिटर लागतात. 20 फ्लॅटना 43,200. टाकी त्याहून लहान असेल तर टँकरचा खर्च आजच धरून ठेवा.

हे सगळे फोटो आणि तारखेसह लेखी घ्या, बिल्डरला द्या आणि पोच घ्या. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तरी ताब्यापूर्वीची दुरुस्ती केव्हाही सोपी, कारण तेव्हा घर मोकळे असते आणि फर्निचर उचकटावे लागत नाही. दुरुस्ती झाल्यावर त्याच बाथरूममध्ये पुन्हा 24 तास पाणी भरून पाहा आणि मगच ताबापत्रावर सही करा.

– एक स्थापत्य अभियंता, जुळे सोलापूर