तुझ्या राजाला कारण दे

चि. राजा,

(तुझ्या कादंबरीतला नव्हे, माझा.)

तू पाठवलेली तीनशे साठ पानं छापून घेतली आणि चार रात्रींत संपवली. स्क्रीनवर मला वाचवत नाही, आणि समासात पेन्सिल चालवल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही. ‘आई, खरं सांग, उगाच गोड बोलू नकोस’ असं तूच म्हणालास. फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्या वाक्याला ‘कळलं गं’ म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र.

आधी आवडलेलं. पहिल्या पानावरचा नकाशा झकास. (तिन्ही राज्यांची नावं ‘व’ने सुरू होतात, ते तेवढं बदल. मी शंभराव्या पानापर्यंत मागे जाऊन बघत होते.) जादू वापरली की माणसाची एकेक आठवण पुसली जाते, ही कल्पना मला फार लागली. राजकन्येला आपल्या आईचा आवाज आठवेनासा होतो, तिथे मी कागद बाजूला ठेवून जरा वेळ नुसती बसले. आणि तिची ती दासी, वेणीत चिठ्ठ्या लपवून नेणारी. तिच्याबद्दल नंतर बोलू.

आता दुखतं तिथे येते. डोंगरातली राजकन्या आणि समुद्राकाठचा राजपुत्र, यांचं प्रेम निषिद्ध. चाळिसाव्या पानावर राजा गरजतो, ‘हे कदापि होणार नाही!’ मग एकशे बाराव्या पानावर. मग दोनशे तिसाव्या. पण का होणार नाही? दोन्ही राज्यांचं ‘पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर’ आहे म्हणे. अरे, वैर तर सगळ्यांचंच असतं. तुझ्या राजाला स्वतःलाच माहीत नाही की तो नको का म्हणतोय. बंदी घालणाऱ्याला त्या बंदीतून काहीतरी मिळत असतं: बंदर, कर, गादीवरचा हक्क, फौजेची मदत, नाहीतर नुसता मान. तो हिशेब वाचकाला दिसला की राजकारण आपोआप उभं राहतं. कट शिजवायला काळ्या झग्यातला प्रधान वेगळा आणावा लागत नाही.

कच-देवयानीची गोष्ट लहानपणी तू दहादा सांगायला लावायचास. आता लेखक म्हणून आठवून बघ. देव हरतायत, कारण असुरांच्या गुरूकडे मेलेल्याला उठवायची विद्या आहे. म्हणून बृहस्पतीचा मुलगा शिष्य बनून शुक्राचार्यांच्या दारात जातो, आणि निघतानाच देवांनी त्याला सांगून ठेवलेलं असतं की गुरूच्या मुलीला खूश ठेव. म्हणजे मोहीम आधी, प्रेम मागाहून. असुरही बावळट नाहीत. ते त्याला मारतात, मारतात, आणि तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात कालवून खुद्द गुरूलाच पाजतात! आता शिष्याला जिवंत करायचं तर गुरूचं पोट फाटणार, म्हणून गुरूला ती विद्या पोटातल्या कचाला शिकवावीच लागते. विद्या मिळते, गुरूही उठतो, आणि मग हा देवयानीला म्हणतो, आपण एकाच पोटचे, तू माझी बहीण. प्रत्येकाकडे कारण आहे, आणि प्रत्येकाचं कारण दुसऱ्याच्या गळ्याशी येतं. त्याचं तिच्यावर प्रेम होतं का? मला या वयातही ठरवता आलेलं नाही. तुझ्या राजपुत्राबद्दल पाचव्या पानावरच कळतं.

गुपचूप लग्नाचा प्रसंग तू छान रंगवलायस, पण लग्न लागलं की ते गुपित तू विसरून जातोस. इंग्लंडचा चौथा एडवर्ड बघ. १४६४च्या मे महिन्यात त्याने एलिझाबेथ वुडव्हिलशी चोरून लग्न केलं. ती विधवा, पहिला नवरा शत्रूच्या, म्हणजे लँकेस्टरच्या बाजूने लढताना मेलेला. आणि इकडे त्याचा उजवा हात, वॉरिकचा अर्ल, त्याच्यासाठी फ्रेंच राजाच्या मेव्हणीचं स्थळ जमवत होता. सप्टेंबरात राजाने भर मंत्रिमंडळात सांगितलं की मी तर लग्न करून मोकळा झालोय. वॉरिकचं तोंड कसं झालं असेल! परक्या दरबारात शब्द टाकलेला माणूस तो. पुढे तो उलटला, १४७० मध्ये राजाला देश सोडून पळावं लागलं, आणि १४७१ मध्ये परत येऊन त्याने बार्नेटच्या लढाईत वॉरिकला संपवलं. तुझ्यासारख्याने इथे पुस्तक संपवलं असतं, राज्याभिषेक वगैरे करून. पण १४८३ मध्ये एडवर्ड वारला, आणि त्याचा धाकटा भाऊ रिचर्डच्या बाजूने तेच लग्न उकरून काढलं गेलं: राजाने आधी दुसरीला वचन दिलं होतं, आणि हे लग्नही चोरून लागलेलं, सबब मुलं औरस नाहीत. बारा वर्षांच्या थोरल्याची गादी गेली. तो आणि त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये होते, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. एका चोरट्या लग्नाचं व्याज एकोणीस वर्षांनी पोरांनी भरलं. तुला दुसरा भाग लिहायचाय ना? मग तो इथे आहे.

आणखी एक. तुझ्याकडे बंदी म्हणजे तळघर, साखळदंड, पहारे. खरी बंदी फार सभ्य असते रे. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड सोफी खोटेकच्या प्रेमात पडला. ती सरदारघराण्यातली, पण राजघराण्यातली नव्हे. सम्राटाने नाही-होय करत परवानगी दिली, आणि २८ जून १९०० रोजी त्याच्याकडून शपथ घेतली की हिच्या मुलांना गादीवर हक्क नाही. तीन दिवसांनी लग्न झालं, सम्राट आला नाही. त्यानंतर कुणी तिला कोंडलं नाही, छळलं नाही. फक्त दरबारी समारंभात ती नवऱ्यासोबत चालायची नाही, तर वयाने कितीतरी लहान राजकन्याही आत गेल्यावर शेवटी जायची. सारायेव्होला तो लष्करी कामावर गेला, तिथे दरबारी नियम लागू नव्हते, म्हणून ती उघड्या मोटारीत त्याच्या शेजारी बसू शकली. तारीख पुन्हा २८ जून, साल १९१४. दोघंही गोळ्यांनी मेली. व्हिएन्नात दोन शवपेट्या शेजारी ठेवल्या, तिची खालच्या पातळीवर, आणि तिच्या पेटीवर पांढरे हातमोजे नि एक पंखा.

हातमोजे आणि पंखा. असं काहीतरी मला तुझ्या मेजवानीच्या प्रसंगात हवंय, पान एकशे चाळीस. तिथे तू राजाला पेला आपटायला लावलायस. नको. तिची खुर्ची दोन हात मागे सरकवलेली असू दे, आणि ती कुणी सरकवली हे कुणी सांगू नये.

आमच्या लग्नाचं तुला अर्धमुर्धं माहीत आहे. तुझे आजोबा कधी आवाज चढवून बोलले नाहीत. ते फक्त सहा वर्षं माझं नाव घेत नव्हते. ‘तिला सांग’, ‘तिला विचार’, आणि मी समोर उभी. तू बोलायला लागलास आणि मला नावानेच हाक मारायला लागलास, तेव्हा त्यांच्याही तोंडून एकदा चुकून निघालं. तुझ्या बाबांनी ऐकलं, पण वर बघितलं नाही. हे वापरायचं असेल तर वापर, माझी हरकत नाही. त्यांना विचारू नकोस.

प्रेमाच्या प्रसंगांबद्दल आईने काय बोलावं, पण दर तीन पानांनी त्याचे डोळे वादळी होतात, ते आवर. त्याने तिच्या खोलीबाहेर तिला न सांगता पहारेकरी बसवले आणि तिला ते गोड वाटलं, तिथे मी समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. तिला चिडू दे की जरा.

आता ती दासी. राजकन्येच्या चिठ्ठ्या नेताना ती एकशे ऐंशीव्या पानावर वेशीवर पकडली जाते. शिपाई तिची वेणी सोडतो, कागद खाली पडतो, प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात नायक-नायिका घोड्यावरून पळतायत, चांदणं पडलंय. मी तीनशे साठाव्या पानापर्यंत तिची वाट बघत होते. तिचं काय झालं?

तुझी,
आई

ता. क. खुणा केलेली पानं वेगळ्या पाकिटातून पाठवतेय. एकशे ऐंशीवं ठेवून घेतलंय.